निवळशंख पाणी

ता. ३ जून

चि. चिमणीस, दादाचे अ. आ.

तू अण्णांच्या विरंगुळ्यासाठी दिलेल्या माशांपैकी आणखी दोन गेले. पुन्हा पाण्याची कुंडली मांडू नकोस. पाणी निवळशंख आहे. दर रविवारी मी टाकी रिकामी करून घासतो, गाळणीतला स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत धुतो. दोष अण्णांच्या थरथरत्या हाताचा. चिमटीऐवजी मूठभर खाद्य पडतं. काल पाहुण्यांसमोर त्यांना तसं स्पष्ट सांगितलं आणि डबा माझ्याकडे घेतला. आता ते टाकीपाशी बसतही नाहीत. तुझी वहिनी माझ्याशी तुटक बोलते आहे.

पत्र लिही. लोभ आहेच.
दादा

ता. ९ जून

ती. दादास, सा. न. वि. वि.

तुझ्या स्वच्छतेपुढे लहानपणी माझ्या कातडीची धडगत नव्हती, तिथे माशांचं काय! अरे, त्या मळकट स्पंजातच माशांच्या घाणीचं विष पचवणारे जीव राहतात. तू त्यांनाच धुऊन काढतोस, वर नळाचं औषध घातलेलं पाणी ओततोस. विष डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तुझं पाणी निवळशंख. सोबत तपासणीच्या पट्ट्या आहेत. एक बुडव. हिरवी झाली, तर पाण्यात विष आहे. डबा आता तुझ्याकडे आहे, तेव्हा अण्णांना बोल लावायची सोय नाही. चारचौघांत बोललास, तर चारचौघांतच माघार घे.

माया आहे म्हणून लिहिलं, राग धरू नकोस.
चिमणी

ता. २० जून

चि. चिमणीस, अ. आ.

पट्टी गर्द हिरवी झाली. खाद्य मीच चिमटीनं मोजून घालत होतो, तरी एक मासा उलटा तरंगत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच पाहुण्यांना बोलावलं. त्यांच्यासमोर अण्णांना सांगितलं, मासे मी मारले. अण्णा हसले, माझ्या पाठीवरून हात फिरवला. डबा पुढे केला, तर दोन्ही हात पांघरुणाखाली घेतले. म्हणाले, म्हाताऱ्याची समजूत काढायला एवढं खोटं कशाला बोलतोस, माझा हात मला ठाऊक आहे. पट्टी दाखवली, तर चष्माही लावला नाही.

उरलेले दोन मासे आता बरे आहेत. स्पंज टाकीतल्याच पाण्यात नुसता पिळतो. पण अण्णांना कसं पटवू? मी घातलेली शंका मलाच काढता येत नाही. तुझं ते ऐकतील. लवकर ये.

लोभ ठेव म्हणायला तोंड नाही, तरी ठेव.
दादा