वाडीतली निळी रेघ

९ नोव्हें., रवि.
चर्चच्या मिस्साहून आले तर मागच्या ओट्यावर दोन परके. हेल्मेटं माझ्या पाट्यावर ठेवलेली आणि बाई सुकेळ्यांवरची जाळी उचलून केळं हुंगतेय. "आंटी, ये ऑर्गॅनिक है क्या?" म्हटलं, ये मेरा घर है. हसली! फोनमध्ये ॲपचा नकाशा दाखवला. निळी रेघ. वटारच्या रस्त्यावरून वळते, आमच्या केळींतून, बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, काठाने, न्हाणीला चिकटून थेट चर्चच्या मागे. वर नाव: 'बावखल हरित वाट'. भाड्याच्या बॅटरीच्या सायकली घेऊन दुपारपर्यंत अकरा जण. कुठल्या मेल्याने घातली ही रेघ?

१० नोव्हें., सोम.
मीच.
स्टेफीला फोन केला. माझी पोर, अंधेरीला असते, तिला सगळं ठाऊक. "मम्मी, तूच टाकलीयस. जूनमध्ये." आठवलं. चर्चच्या हॉलमध्ये त्या ॲपवर बावखलांची नोंद होती. नोंद करायला आलेल्या दाढीवाल्याने सांगितलं, नोंद झाली की कुणी भराव टाकून बुजवू शकत नाही. किती बुजलेली पाहिली डोळ्यांदेखत, म्हणून हुरळले. त्याने सांगितलं तशी फोन धरून काठाने चालले आणि तळ्याबरोबर वाटही नोंदली गेली. पस्तीस वर्षं मास्तरकी केली, रिकामी चौकट सोडवत नाही. 'वाट सर्वांसाठी खुली आहे का?' लिहिलं, होय, पिढ्यान्‌पिढ्या.
सर्व म्हणजे आमची आळी, गाढवांनो. सगळी मुंबई नव्हे.

१३ नोव्हें., गुरु.
आज चारच. एकाने बावखलात बाटली टाकली. टी-शर्टवर पृथ्वीचं चित्र.
स्टेफी म्हणते फाटक लाव. तिचं काय जातं! आमच्याकडे वाडीतली वाट अडवणं म्हणजे वैर. खालच्या आळीत दोन भावांत फाटक लागलं, ते अजून एकमेकांच्या मयताला जात नाहीत. आणि माझ्या वाटेने कोण येतं? फिलूमावशी. पलीकडच्या वाडीतली, ऐंशीच्या पुढची. रोज साडेसहाला काठी टेकत मिस्साला. जाता जाता खिडकीत: "उठलीस का गो?" हे गेले त्या वर्षी त्या हाकेसाठीच अंथरुणातून उठत होते मी. दुसरं काही कारणच नव्हतं.

१६ नोव्हें., रवि.
डोकं फिरलंय. मिस्साहून परतताना फि.मा.च्या मागून सायकलवाल्यांचं टोळकं आलं, ती दचकून पाटाच्या पाण्यात. गुडघा सुजला. "आवाज नाय काय नाय, भुतावानी येतान." त्या टोळक्याने उचललं, मान्य. आधी फोटो काढला, मग उचललं. मी ओरडले ते अर्ध्या आळीने ऐकलं असेल.
संध्याकाळी स्टेफीने पाठवलं, कुणीतरी ॲपवर लिहिलंय: 'मालकीणबाई रागीट. लोकल आजी मात्र खूप गोड.' एक तारा.
गोड म्हणे.

१८ नोव्हें., मंगळ.
दाढी स्वतः आला. गोडगोड बोलणं. "काकू, हे सस्टेनेबल टूरिझम आहे, तुम्हीच तर कम्युनिटी." म्हटलं, रेघ काढ. तर म्हणे तशी नाही निघत, वाट बंद असल्याचा फोटो हवा. फाटक, कुंपण, काहीतरी.
"बंद नाहीच ती."
"मग कशी काढणार, काकू?"
जाताना आंब्याला पाटी ठोकून गेला: झाडे जपा. खिळा बोटभर. चिकाचा ओघळ आलाय. शिव्या मला येतात, वाडीत एकटी असताना सगळ्या दिल्या.

२० नोव्हें., गुरु.
ठरलं. फाटक फक्त फोटोपुरतं. गडी बाळू अंधार पडता पडता बांबूचं बांधून गेला, उद्या त्याला दुसरं काम. उजाडलं की फोटो, की लगेच सोडायचं.
फि.मा.चा विल्सन माणिकपूरला ऑफिसात असतो. त्याला व्हॉट्सॲप केलं, आईला सांग, मनात आणू नको म्हणावं. खरं तर घर पन्नास पावलांवर. पण तिला काय काय समजावणार? ॲप, रेघ, फोटो... मुलगा नीट सांगेल.
बरोबरच्या दोन खुणा आल्या. निळ्या अजून नाहीत.

२१ नोव्हें., शुक्र.
साडेसहा. फोन वर धरून उभी होते, उजेड पुरेसा येतो का बघत. काठीचा आवाज. फाटकापलीकडे येऊन थांबली. बांबूवर हात ठेवला. मग मला पाहिलं. माझ्या हातात फोन, तिच्या तोंडावर रोखलेला.
"मावशी, थांब, सोडते." बाळूने तार अशी पिळलेली, सुटेना. नख तुटलं.
"ऱ्हाव दे. मना रस्ता हाय."
गेली. पाठमोरी, पाय ओढत. मोठा रस्ता म्हणजे दुप्पट वाट.
ती दिसेनाशी झाल्यावर मी फाटकाचा फोटो काढला आणि दाढीला पाठवला. हे लिहायलाच हवं. पाठवला.

२३ नोव्हें., रवि.
रेघ गेली. एकही सायकल नाही. फाटक शुक्रवारीच नऊला सोडलं, बांबू जाळले. वाट मोकळी आहे आणि तिच्यावरून कुणीच येत नाही.
विल्सनचं उत्तर आज. 'ओके आंटी.' खाली अंगठा.
स्टेफी: "झालं ना तुझ्या मनासारखं?" फोन ठेवून दिला.

२६ नोव्हें., बुध.
गेले एकदाची फि.मा.कडे. दारातच म्हणाली, "बसा, टीचर."
टीचर! बसा! चाळीस वर्षं 'गो' करणारी बाई. चहा दिला, बशीत बिस्किटं मांडून, पाहुण्याला देतात तशी. मी सगळं सांगितलं. जूनची नोंद, दाढी, फोटो.
"फाटक कोनासाठी लावलेला?"
"त्या सायकलवाल्यांसाठी गं."
"ते नवते तवा. मी होते."
बिस्किट तोंडात फिरत राहिलं. रडू आलं, घरी येईपर्यंत दाबलं. राग कुणाचा ते सांगता येत नाही, दाढीचा धरला तर सोपं पडतं.

३० नोव्हें., रवि.
नाताळाआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार. सहालाच मोठ्या रस्त्यावर जाऊन उभी राहिले. ती आली. बघितलं, न बघितल्यासारखं केलं. मी मागून चालले. चर्चमध्ये वेगळ्या बाकावर. उपदेश एक अक्षर ऐकला नाही.
बाहेर पडताना जवळ जाऊन म्हटलं, "मावशी, वाडीतून जाऊ या? गुडघा दुखतोय तुझा."
"तुमची वाडी हाय. तुमी जा."
लोक बघत होते. बघू देत. मी तिच्याबरोबर रस्त्यानेच निघाले. ऊन चढलेलं, डंपर धूळ उडवत जाणारे. कुंपणाला धरून दोनदा थांबली, मी दोन हात अंतरावर थांबले. तिसऱ्यांदा थांबली तेव्हा मागे न वळता म्हणाली, "माज्यासाठी नका थांबू."
थांबले.