फोटोतलं दार

२ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र आणि फोटो दोन्ही पोचले. फोटो मी इथे इस्पितळाच्या मुदपाकखान्यात सगळ्या जणींना दाखवला. तू आणि तुझा नवरा ठीक दिसता. पण आमची गुब्बी दारात उभी आहे म्हणतेस, तर मला दार काही सापडलं नाही! पोर थेट माझ्यावर गेली आहे. आम्हा मावशी-भाचीला एका बाकावर बसवलंस तर बाकाला महिनाभराची रजा द्यावी लागेल. पंधरा वर्षांची झाली, आता शाळेच्या स्कर्टसाठी कापडाचा अख्खा तागाच घेऊन ठेव.

थट्टा पुरे. जावईबापूंच्या साखरेचं वाचून काळजी वाटली. दिवसभर बसच्या चाकामागे बसून राहणारा माणूस, त्यात डेपोतलं गोड खाणं. आमच्या आहारतज्ज्ञ बाईंकडून त्यांच्यासाठी तक्ता लिहून आणला आहे, सोबत पाठवते. अर्धं ताट भाजी, पाव ताट डाळ किंवा अंडं, आणि उरलेल्या पाव ताटातच भात किंवा पाव. तेल दिवसाला तीन लहान चमचे, त्यावर थेंब नाही. इथे रोज अशी साठ ताटं वाढते मी, माणसं खडखडीत बरी होऊन घरी जातात. तक्ता कपाटाला चिकटव, म्हणजे येता-जाता दिसेल.

तुझ्या शिवणयंत्राचा पट्टा बदललास का ते कळव. माया आहेच, पण पत्राशिवाय ती मला दिसत नाही.

तुझी ताई


११ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं आणि आईच्या वेळेपासूनच्या रिवाजाप्रमाणे जेवताना मोठ्याने वाचलं. बाकाच्या रजेपाशी ह्यांना असा ठसका लागला की पाठ चोळावी लागली. गुब्बी तर सगळ्यांत जास्त हसली. मग ताट उचलून आत गेली, भूक नाही म्हणाली. संध्याकाळी शाळेतून येताना काहीतरी खाल्लं असणार.

तक्ता कपाटावर लावला. ह्यांचं म्हणशील तर चोराच्या मनात चांदणं. डेपोतून येतात तेव्हा मिशीला साखर लागलेली असते आणि वर तोंड पुसत म्हणतात की चहासुद्धा बिनसाखरेचा घेतला. पण गुब्बीने त्यांच्यावर पोलीसगिरी सुरू केली आहे. ताटात सुरीने रेघा आखून वाढते, तेल स्वतः मोजते. बाबांना सोबत म्हणून स्वतःही तेच जेवते. ताई, पोरीला एवढी समज आली हे बघून माझा जीव सुपाएवढा झाला. स्कर्ट कमरेत अर्धा इंच आत घेतला. तिच्या उंचीला शोभतो आता.

शाळांच्या गणवेशांचं काम अंगावर आहे. माझ्या यंत्रावर नव्वद सदरे पडले आहेत, म्हणून आटोपते. आठवण ठेवतेसच, तशीच ठेव.

तुझी धाकटी


२९ मार्च

चि. सौ. धाकटीस अ. उ. आ.

वाचून इतका आनंद झाला की डाळीला दुसऱ्यांदा मीठ घातलं आणि आहारतज्ज्ञ बाईंची बोलणी खाल्ली. गुब्बीला शाबासकी सांग. मावशीची भाची शोभते म्हणावं. असाच नेम ठेवला तर पुढच्या फोटोत मला दार दिसेल! तिच्या बाबांचं तेल आणखी अर्धा चमचा कमी केलं तरी चालेल असं बाई म्हणतात, तेवढं तिला सांग.

इथे सगळं ठीक. गुडघा मधूनमधून कुरकुरतो. पत्राची वाट पाहायला लावू नकोस.

तुझी ताई


१७ मे

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

हे पत्र शिवणखान्यात, जेवणाच्या सुट्टीत लिहिते आहे. घरी लिहिता येत नाही.

गुब्बीचा स्कर्ट मी परवा चौथ्यांदा आत घेतला. फेब्रुवारीपासून कमरेत साडेतीन इंच. टेपवर बोट ठेवलं आणि तशीच बसले. बाई गं, माणसं जाड-बारीक झालेली मी रोज बघते, पण एवढ्या भराभर कोणाचं माप बदललेलं पाहिलं नाही. शेवटी कापड इतकं जमलं की कमरेला चुण्या पडल्या.

भात-पाव तिने एप्रिलमध्येच सोडला. मग तेल. आता शिजलेली भाजी नळाखाली धरून धुते आणि खाते. अंड्यातलं पिवळं काढून टाकते. दूध नको, दाणे नकोत. मी काही बोलले की कपाटावरच्या तक्त्याकडे बोट दाखवते आणि म्हणते की मावशी इस्पितळात आहे, तिला तुझ्यापेक्षा जास्त कळतं. एवढ्या उकाड्यात स्वेटर घालून बसते. हात धरले तर गार. फणीत केसांचा गुंता येतो. आणि ताई, तीन महिने झाले, तिची पाळी आली नाही. मी विचारल्यावर रडत आत गेली.

मीही एक वेडेपणा केला. तिच्या डाळीत न सांगता चमचाभर तेल घातलं. तेल कुठे लपतं का? वर तरंगलं आणि तिने पाहिलं. तेव्हापासून माझ्या हातचं खात नाही. स्वतःचं वेगळं शिजवते, पातेल्यावर झाकण ठेवून त्यावर वरवंट्यासारखा दगड ठेवते. माझी पोर माझ्यापासून पातेलं राखते आहे.

सोमवारी सुट्टीतल्या जादा तासाला गेली, तेव्हा शाळेच्या जिन्यात चक्कर येऊन पडली. बाईंनी घरी आणून सोडलं. कपाळाला खोक पडली आहे, फार नाही.

काल तिच्या वहीत तो तुला पाठवला तसलाच फोटो सापडला. त्यातली स्वतःची आकृती तिने माझ्या शिवणकामाच्या कात्रीने कापून काढली आहे. इतकी नेटकी कापली आहे की कडेला एक दातरासुद्धा नाही. आम्ही दोघं आहोत आणि मध्ये भोक. मी वही होती तशी ठेवून दिली.

हे म्हणतात की वयच तसं आहे, होईल आपोआप ठीक. पण बस चालवताना त्यांचेही थांबे चुकतात म्हणाले. मन चिंती ते वैरी न चिंती, तसं झालं आहे माझं. तू तिला समजाव. माझं ऐकत नाही, आणि सोनाराने कान टोचलेले बरे असतात. लवकर लिही.

धाकटी


२१ मे

चि. सौ. धाकटीस आशीर्वाद.

हे पत्र जेवताना वाचू नकोस. एकटी वाच.

तिची आकृती कापली कोणी हे तू लिहिलंस, पण कोणामुळे ते लिहिलं नाहीस. तुला कळलं नाही की माझी भीड धरलीस, मला ठाऊक नाही. फोटोत दार सापडत नाही असं लिहिलं कोणी? मी. ते तू ताटावर वाचलंस, सगळे हसले, आणि ती ताट उचलून आत गेली. हे तुझ्याच मार्चच्या पत्रात आहे. मी काल ते तीनदा वाचलं. तेव्हा वाचून मी हसले होते. त्यावर पुन्हा दाराची थट्टा केली, शाबासकीसुद्धा दिली. जिभेला हाड नसतं म्हणतात, माझ्या तर पेनालाही नव्हतं.

आणि तो तक्ता. मी आहारतज्ज्ञ बाईंकडे जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी वय विचारलं. पंधरा म्हटल्यावर पेन खाली ठेवलं आणि मला बसायला सांगितलं. तो तक्ता पन्नाशीच्या, बसून काम करणाऱ्या, साखर वाढलेल्या माणसाचा. वाढत्या पोरीला भात-पाव कमी करायचा नाही, तिच्या डोक्याला आणि पायांना तेच लागतं. डाळ-अंड्याने अंग बांधलं जातं, पण पोटात धान्यच नसेल तर शरीर तीच डाळ सरपण म्हणून जाळतं. आणि तेल-लोणी मुलीच्या पाळीसाठी लागतं. ते बंद केलं, एकूण खाणंच तुटलं, की शरीर आधी तेच थांबवतं. वीस वर्षं मी ताटं वाढते, प्रत्येक ताटावर नावाची चिठ्ठी लावते, एकाचं दुसऱ्याला गेलं तर नोकरी जाईल म्हणून दोनदा बघते. घरी मात्र चिठ्ठीच लावली नाही.

आज तक्ता कपाटावरून काढ. तिच्यासमोर काढ आणि माझं नाव सांग. उद्या कामावर खाडा झाला तरी होऊ दे, तिला डॉक्टरांकडे ने. चक्कर आणि पाळी, दोन्ही सांग, काही लपवू नकोस. डाळीत चोरून तेल पुन्हा घालू नकोस. विश्वास गेला तर मग ताटात काहीही वाढून उपयोग नाही.

सोबत बंद पाकीट तिचं आहे. तू उघडू नकोस. तुझ्या उत्तरापर्यंत मला जेवण गोड लागणार नाही.

तुझी ताई


(पाकिटातलं)

चि. भाचीस मावशीचे आशीर्वाद.

मी तुझ्याबद्दल वाईट बोलले. थट्टा म्हणून बोलले, पण तू माझ्यासमोर नव्हतीस आणि लोक हसत होते, म्हणजे ती थट्टा तुझ्याशी नव्हतीच, तुझ्यावर होती. मला क्षमा कर असं म्हणणार नाही, तो तुझा प्रश्न. चूक माझी आहे एवढं लिहून देते.

तू तक्ता अगदी बरोबर पाळलास. माझ्या हाताखालच्या बायकांना इतकं नेमकं जमत नाही. पण तो तुझा नव्हता. बाबांचे बूट तुला कोणी घातले असते तर पाय सोलले असतेच ना?

आणखी एक. माझं वजन तुझ्या वयात तुझ्यापेक्षा जास्त होतं. वर्गात मला काय म्हणायचे ते अजून आठवतं, तारीख-वारासकट. तेच मी तुझ्या दारात आणून टाकलं. खा म्हणून मी तुला सांगणार नाही. डॉक्टर काय म्हणतात ते ऐक, आणि भीती वाटली तर भीती वाटते असं लिही. मला शिव्या लिहिल्यास तरी चालेल, सगळ्या वाचीन.

तुझी मावशी


१४ जून

ती. मावशीस सा. न. वि. वि.

तुझं पाकीट आईने उघडलं नाही. मी आठ दिवस उघडलं नाही.

तेव्हा मी सगळ्यांत मोठ्याने हसले कारण सगळे माझ्याकडे बघत होते. हे मला तुला सांगायचं होतं. त्या दिवसानंतर जेवायला बसलं की मला तो बाक दिसायचा. तुझ्या मार्चच्या पत्रातली शाबासकी आईने वाचली तेव्हा मला वाटलं, आता थांबले तर पुन्हा दार दिसणार नाही.

मी तुझ्यावर रागावले आहे. अजून आहे. शिव्या लिहायला बसले होते, तीन लिहिल्या आणि पान फाडलं.

डॉक्टर बाईंनी वजन केलं आणि आकडा मला दाखवला नाही, आईलाच दाखवला. रक्त तपासलं. दर आठवड्याला जायचं आहे. इस्पितळात ठेवायचं की नाही ते पुढच्या दोन वेळचं वजन बघून ठरणार आहे, म्हणून बाबा मला डॉक्टरांकडे न्यायला सुट्टी काढतात. नवा तक्ता आईने स्वतः लिहिला, त्यावर वर माझं नाव आहे. त्यात भात आहे. तेल आहे. रोज दाणे आहेत. बाबांचा तक्ता कपाटाच्या दुसऱ्या दारावर लावला, ते त्याला सासुरवास म्हणतात.

सगळं खाते असं नाही. भात अर्धा खाल्ला काल, परवा पूर्ण. लोण्याचा चमचा समोर आला की छातीत धडधडतं, तू भीतीचं लिहायला सांगितलंस म्हणून लिहिते. आई समोर बसते, सदऱ्यांची काजं करते. एवढ्यात तिची सात काजं होतात, मग मी उचलते. पातेल्यावरचा दगड मी बाहेर ठेवला.

यापुढे तुझं पत्र आलं की आधी मी वाचणार आणि जेवताना वाचायचं की नाही ते मी ठरवणार. आई कबूल झाली आहे. गुब्बी म्हणू नकोस. पुढे म्हणायचं झालं तर मी कळवीन.

शाळेचा स्कर्ट आईने काल काढला. चुण्यांची टीप दोन्ही बाजूंनी उसवायला ती सुई घेऊन बसली होती. मी म्हटलं, सध्या एकाच बाजूची उसव. तिने एकाच बाजूची उसवली. दुसरी मी सांगेन तेव्हा.

उत्तर पाठव. लोभ आहे, पण राग जाईपर्यंत थोडा बाजूला ठेवला आहे.

तुझी भाची