विकण्याचं कारण

बुधवार, १४ तारीख

प्रिय वहिनी,

नमस्कार. इकडे आम्ही बरे आहोत. दादा सोमवारपासून माझ्याकडेच आहे. जेवतो वेळेवर, बोलत मात्र नाही.

तू मला 'घरभेदी' म्हणालीस आणि फोन आपटलास. मला तोंड उघडू दिलं नाहीस! पाच वर्षं मी हे काम करते. कुठलं घर विकायला निघालंय ते हुडकायचं, पैसे गुंतवणाऱ्या साहेबांना कळवायचं, सौदा झाला की माझं कमिशन. यात चोरी कसली? तुमच्या घराला दीड वर्ष गिऱ्हाईक नव्हतं. ते मी आणलं. ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं!

चिडायचं तर त्या साहेबावर चीड. माणसाला काही पाचपोच? घर बघायला आला आणि तुमचाच चहा पिता पिता दादाला म्हणाला, "बाईसाहेब वेगळ्या होणार आहेत ना, मग भाव कशाला ताणता?" दादाने वळून तुझ्याकडे बघितलं. तू उठून आत गेलीस. मला त्या मेल्याचं थोबाड फोडावंसं वाटलं.

आता त्याला कुणी सांगितलं म्हणशील, तर ऐक. आमच्या फॉर्मवर एक रकाना असतो, 'विकण्याचं कारण'. साहेब आधी तोच वाचतात. घरात आजारपण किंवा भांडण असलं की माणूस घाईत असतो, स्वस्तात देतो. गच्चीवर कपडे वाळत घालताना तू रडत म्हणाली होतीस, "विक्रीआधी ह्यांना कळू देऊ नकोस गं. निघताना माझ्या हातात काहीतरी असू दे."

मी त्या रकान्यात 'मोठं घर हवंय' लिहिलं असतं तरी चाललं असतं. खोटं लिहायला मी काही घाबरत नाही. सौदा लवकर व्हावा म्हणून खरं लिहिलं.

अजून एक आहे. त्या संध्याकाळी दादाने मला विचारलं, "तुला माहीत होतं?" मी नाही म्हणाले. त्यामुळे त्याला वाटतंय, त्याचा पाणउतारा करायला तूच साहेबाला सांगितलंस. आता सहीच करणार नाही म्हणून हटून बसलाय. तुझा हिस्सा अडकलाय तो माझ्या एका 'नाही'मुळे. मला माझीच शरम वाटते, वहिनी.

हे पत्र आधी त्याच्या हातात देणार आहे. पाकिटावरचा पत्ता त्याच्या अक्षरात असेल, तर त्याने वाचलं असं समज. माझ्या अक्षरात असेल, तर त्याला द्यायची माझी हिंमत झाली नाही असं समज, आणि मला पुन्हा दारात उभी करू नकोस.

तुझी नणंद,
त्याची बहीण