पंकला किती ड्रम लागतात, मामा?

तीर्थस्वरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हणजे बसूनच हं, कंबर धरली आहे. का धरली ते पुढे येईलच.) तुमचा गुडघा कुरकुर करत का होईना पण चालत असेल, आणि रक्तदाबाची गोळी तुम्ही मामींच्या नजरेसमोर घेत असाल, अशी आशा करते. एकाच गावात राहून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. तर मामा, फोन केला की तुम्ही "लाइन खराब आहे" म्हणून ठेवून देता. तुमच्या घरची लाइन दोन वर्षं खराब आहे आणि ती फक्त तुमच्याच कानाशी खराब होते. तोच फोन मामींनी घेतला की खणखणीत. घरी आले तर तुम्ही मान डोलावून "हो हो, छान छान" म्हणता. मागच्या खेपेला मी माझी दाढ काढल्याचं सांगितलं, तेव्हाही तुम्ही "छान छान" म्हणालात. म्हणून पत्र. रागावू नका, चष्मा लावा आणि शेवटपर्यंत वाचा.

विषय ड्रमचा आहे, आणि या विषयात तुमच्याशिवाय माझं कोण आहे? दिवसभर मी कवळ्या बनवते हे तुम्हाला ठाऊकच आहे, आणि संध्याकाळी शेवटचा साचा सुकत ठेवला की त्याच जागेच्या मागच्या खोलीत आमचं पंक संगीत चालतं. (पंक म्हणजे काय, असं तुम्ही एकदा विचारलं होतंत आणि मी तोंड उघडायच्या आत "कळलं, भांडण" म्हणून मोकळे झाला होतात. अगदीच चुकला नव्हतात.) मी गिटार वाजवते. कोपऱ्यावरचा कुलूपवाला बेस गिटार वाजवतो, चार तारांपैकी त्याला तीनच आवडतात. गायला नव्या बाई आल्या आहेत, वयाने बऱ्याच मोठ्या. पर्स काखेत धरूनच गातात, पण आवाज असा की पहिल्याच दिवशी कुलूपवाल्याने दोन पावलं मागे घेतली. आणि आमचा ड्रमर बदली होऊन गेला. जाताना ड्रमही घेऊन गेला, मेला. महिनाअखेरीला कुलूपवाल्याच्या संघटनेची वार्षिक सभा आहे, तिच्यानंतर आमचा कार्यक्रम ठरलाय (सभासदांना अजून कळवलेलं नाही). तेव्हा माझी गिटार भिंतीला टेकली आणि मी ड्रमवर बसले. लहानपणी तुम्ही मला उशीवर काठ्या मारायला शिकवलं होतंत, तेवढ्याच भांडवलावर.

ड्रम आणायचे कुठून? एका ओळखीच्या गृहस्थांनी त्यांच्या भाच्याचा सेट आठवडाभर दिला. मामा, तो सेट नव्हता, तो संसार होता! समोर टांगलेले टॉम-ड्रम तीन, बाजूला आणखी दोन, डोक्यावर झांजांचं छत. मी आत बसले तर बाहेरच्यांना फक्त माझा अंबाडा दिसत होता. मला आपलं वाटलं, एवढं मिळालंय तर सगळं वाजवावं, कशाला कोणाला वाईट वाटू द्यायचं. पण आमचं गाणं असतं दीड मिनिटाचं. मी पहिल्या टॉमपासून निघून सगळ्यांची विचारपूस करत शेवटच्याला पोचेपर्यंत बाकीचे गाणं संपवून पाणी पीत असायचे. मग मी एकेक काढायला लागले. आज एक टॉम, उद्या दुसरा. आणि मामा, गंमत अशी की दर वेळी वाटायचं आता उघडं पडणार आपण, आणि दर वेळी गाणं आधीपेक्षा बरं व्हायचं. शेवटी उरलं काय, तर बेस ड्रम, स्नेअर, समोर एक टॉम, उजव्या हाताला जमिनीवर उभा फ्लोअर टॉम, पायाने उघडझाप करणारी हाय-हॅट आणि दोन झांजा. मला रात्री उगाच वाटत राहिलं की घरातलंही असंच एकेक काढून बघावं. कपाट उघडून दोन साड्या बाजूला काढल्या आणि सकाळी परत ठेवल्या. झांजा मात्र कुलूपवाल्याच्या हट्टापायी उंच लावल्या होत्या. म्हणे, लांबून रुबाबदार दिसतं. दिसत असेल, पण हात वर करून करून माझा खांदा गेला आणि खांद्याच्या सोबतीला कंबर गेली. (हेच ते कारण.) मग झांजा खाली आणल्या, रुबाब त्याचा तो बघून घेईल.

पण खरं महाभारत बेस ड्रमवरून झालं. तुम्ही हॉटेलात वाजवायचात तेव्हा लोक पावलं मोजून नाचायचे, पेडलवर तुमचा पाय मांजरीसारखा पडायचा. आमच्यात पाय म्हणजे लाथ. आणि लाथ मारली की ड्रम पुढे सरकतो. मी स्टुलासकट त्याच्या मागे. तिसऱ्या गाण्याला ड्रमने कुलूपवाल्याला गाठलं आणि चौथ्याला तो दाराबाहेर जाऊन वाजवत होता. विटा लावल्या, विटाही सरकल्या. आता कोणाही शहाण्या माणसाने खाली जाड सतरंजी घातली असती. पण मी पडले कवळीवाली! जबड्यावर कवळी हलत असेल तर काय करायचं, ठसा घ्यायचा. मी ड्रमच्या दोन्ही पायांभोवती जमिनीवर साच्याचं प्लॅस्टर ओतलं, फक्कड कालवून, बुडबुडा म्हणून नाही. हिरड्यांवर कवळी बसते तसा ड्रम बसला. त्या दिवशी आम्ही असं काही वाजवलं की मांडणीवरच्या कवळ्या थडथडायला लागल्या, एक वरची पंगत तर टुणकन उडी मारून खाली आली. मला इतका आनंद झाला होता, मामा, की काय सांगू. आठवडा संपला, गृहस्थ ड्रम न्यायला आले, आणि ड्रम येईना. ठशाला आधी तेल लावायचं असतं म्हणजे तो सुटतो, ही आमच्या धंद्यातली पहिली इयत्ता, तीच मी विसरले होते. छिन्नी आणली, हातोडी आणली. ड्रमचा एक पाय अजून आमच्या जमिनीत आहे. गृहस्थ खाली बसून उरलेले पाय पुन्हा पुन्हा मोजत राहिले. त्यांच्या ड्रमला पाय मी नवीन बसवून दिला, पण पुन्हा सेट मागायची सोय उरली नाही.

एक राहिलंच. मधल्या एका संध्याकाळी माझे कान इतके वाजायला लागले की कवळ्या घासायच्या यंत्रापाशी आम्ही जे कानबंद वापरतो तेच मी घालून बसले. काही म्हणजे काही ऐकू येईना. म्हटलं आता ताल गेला खड्ड्यात. पण बेस गिटारचा आवाज मोठा करणारा डबा माझ्या पाठीशी होता, त्याचा दणका स्टुलातून थेट कण्यात येत होता. पायाचा ठोका तळव्याला कळत होता. गाणाऱ्या बाई माझ्याकडे तोंड करून उभ्या होत्या, त्यांचे ओठ दिसत होते. झांजा खाली असल्यामुळे कुलूपवाल्याचा हातही दिसत होता. गाणं संपल्यावर कुलूपवाला म्हणाला की आज पहिल्यांदा तुमचा ताल पळाला नाही. मी कानबंद काढले, पुन्हा घातले आणि तेच गाणं परत वाजवायला लावलं. तेव्हापासून आमची मांडणी तीच ठरली. डबा स्टुलाच्या मागे, झांजा खाली, आणि गाणाऱ्या बाईंची पाठ प्रेक्षकांकडे. प्रेक्षकांना काय वाटेल ते त्यांचं त्यांनी वाटून घ्यावं.

आता सेट विकत घेणंच आलं. म्हणून परवा वाद्यांच्या दुकानात गेले. दुकानदार भला माणूस. म्हणाला, थांबा जरा, येत्या रविवारी एक जुना सेट येणार आहे, मी स्वतः घरी जाऊन बघून आलोय. हॉटेलात वाजवलेला, पण ओरखडा नाही, मालक अजून दर आठवड्याला पुसतात. मी विचारलं, मग विकतात कशाला? तर म्हणे, जागा अडते असं सांगतात. आणि आवाज दाबायला बेस ड्रममध्ये काय भरलंय म्हणाल, तर निळ्या फुलांची छोटी रजई. मामा, ती माझी रजई आहे. मी तुमच्याकडे झोपायला यायचे तेव्हाची. मी त्याच्या दुकानात उभी राहून रडले. त्याला वाटलं सेट फार आवडला. आधी रडू आलं आणि मग राग आला, तुम्ही आम्हाला कोणालाच सांगितलं नाहीत म्हणून. ऐकू कमी येणं हा काही गुन्हा आहे का? कानातलं यंत्र तुम्ही चष्म्याच्या डबीत ठेवता आणि चष्मा उघड्यावर, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. आम्ही बोलत नाही, कारण तुम्हाला लागेल. तुम्ही बोलत नाही, कारण आम्हाला कळेल. दोन वर्षं आपण असे मुक्याने बसलोय आणि मला आता त्याचा कंटाळा आलाय.

तेव्हा सल्ला एवढाच हवा की पंकसाठी समोरचा एक टॉम ठेवावा की तोही काढावा? उलट टपाली कळवा. मोठ्यांना नमस्कार म्हणायची सवय आहे, पण तुमच्याहून मोठं घरात कोणी नाही, तेव्हा तो पुन्हा तुम्हालाच.

तुमची लाडकी (दुसरी कोणी नाहीच म्हणून) भाची

ता. क. टॉमचं मी उगाच विचारलं. दुकानदाराला रविवारी सेट न्यायला जाऊ नका असं मी सांगून टाकलंय. विकायचे असतील तर माझ्या कार्यक्रमानंतर विका, मी एक अक्षर बोलणार नाही. पण आधी या आणि वाजवा. मला येत नाही, मामा. मी गिटारवाली आहे, दोन आठवड्यांत मी ड्रमर होणार नाही. तुम्हाला वाटतं आता तुम्ही दुसऱ्यांबरोबर वाजवू शकणार नाही. मी कानबंद घालून वाजवून पाहिलंय, आणि मी तर कच्ची आहे. या गावात तुम्हाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने दुसरं कोणीही वाजवत नाही.

ता. क. २. अजून एक. गाणाऱ्या बाई म्हणजे आपल्या मामी. रोज संध्याकाळी भाजी आणायला म्हणून जातात आणि रिकामी पिशवी घेऊन येतात, हे तुमच्या नजरेला आलं नसेल तर डोळेही तपासून घ्या. माझ्याकडे पहिल्यांदा आल्या त्या तुमच्याबद्दल बोलायला. बोलता बोलता इतक्या मोठ्याने बोलायला लागल्या की पलीकडून कुलूपवाला धावत आला. दोन वर्षं तुमच्यापर्यंत पोचायला ओरडून ओरडून त्यांचा गळा तयार झालाय, असा गळा शिकवून येत नाही. हे पत्र त्यांच्याच हाती पाठवते आहे. त्या समोर उभ्या असतील, त्यांना रागावू नका.

ता. क. ३. त्यांनी एक गाणं स्वतः केलंय. त्यात एकच ओळ आहे, "अहो, ऐकलंत का?" ती त्या जीव तोडून ओरडतात आणि मग थांबतात, कारण तिथे ड्रमने उत्तर द्यायचं आहे. मी एकदा दिलं. तर हात वर करून मला म्हणाल्या, तू नको गं.