होडीच्या बुडाचं ठिगळ

नाना, काल एकाने विचारलं, फायबरच्या होडीला चीर पडली तर काय लावून बुजवावी. मी उत्तर दिलं, तेही तुमच्याच ठसक्यात. मग दिवसभर तुम्हीच डोक्यात होता.

नव्वद सालानंतरचा एक मे महिना. जळगावच्या आपल्या फायबर दुरुस्तीच्या शेडमध्ये दीपनगरच्या वीजकेंद्राच्या कॉलनीतले कूलर दुरुस्तीला रांगेत उभे आहेत आणि धरणाच्या फुगवट्यावर होडी चालवणारा एक भाऊ ट्रॅक्टरवर होडी घालून येतो. खडकावर आपटून बुडाला हातभर चीर गेलेली. “नाना, शाळाना आगोदर पाहिजे. पलीकडनी पोरं याच होडीमा येतस.” तुम्ही काम माझ्यावर, तुमच्या हाताखालच्या पोरीवर, सोपवलंत. डिप्लोमा झालेल्या, सव्वीस वर्षांच्या मला तेव्हा कोणी काही शिकवायचं शिल्लक आहे असं वाटतच नव्हतं.

मी कूलरची टाकी बुजवतात तसंच केलं. आतून काचधाग्यांच्या मॅटचे तीन थर, आपलं नेहमीचं पॉलिएस्टर रेझिन, वर निळा रंग. देखणं झालं होतं. तुम्ही जेवून आलात, पान्याने ठिगळावर टकटक केलंत.

“माय, कूलरमा पानी कोठे ऱ्हास?”

“आत.”

“आनि होडीले?”

“बाहेरून.”

“बठ्ठं काढ, तिन्ही थर.”

होडीवाला भाऊ हसला, “नाना, पोरगी रडी दी.”

“रडू दे. हाई फुटनं ते पोरेस्न्या माया रडतीन.”

पटाशी घातली तर माझं ठिगळ वाळल्या पापडासारखं अख्खं उचकटलं. खाली ओल होती. होडी तीन दिवस उन्हात पालथी ठेवली. उन्हाची आपल्याकडे काय कमी! मग तुम्ही माझ्यापुढे मॅटचा आणि विणलेल्या काचकापडाचा तुकडा ठेवलात. जुन्या फायबरला एपॉक्सी, म्हणजे जास्त चिवट रेझिन, घट्ट धरते, पॉलिएस्टर तितकं नाही, हे सांगितलंत. आणि मॅटमधले धागे ज्या डिंकाने चिकटवलेले असतात, तो एपॉक्सीत विरघळत नाही, म्हणून कापड घ्यायचं. एपॉक्सी आपल्याकडे नव्हती. तुम्ही एस.टी.ने धुळ्याला जाऊन डबे मांडीवर घेऊन आलात. चिरेच्या कडा बाहेरून वीतभर उतरत्या घासल्या, आणि पहाटेच्या गारव्यात वाटीवाटीने मिश्रण करून थर चढवले. दुपारी केलं असतं तर ते वाटीतच तापून घट्ट झालं असतं.

होडी पाण्यात सोडली तेव्हा तुम्ही म्हणालात, ठिगळ लावणाऱ्याने पहिलं बसायचं. मी बसले. तुम्हीही चढलात, धोतराचा सोगा खोचून, आणि होडीचा काठ दोन्ही हातांनी असा धरलात की मला तेव्हाच कळलं, तुम्हाला पोहता येत नाही. पलीकडे लागलो. भाऊने बुडावर हात फिरवला. “नाना, कोरडं ठाक शे.” तुम्ही फक्त माझ्याकडे पाहिलंत. ती होडी पुढे कित्येक वर्षं पोरांना नेत-आणत राहिली.

तेव्हापासून मी खूप होड्या, टाक्या, छपरं दुरुस्त केली. काम आवडतं, हात अजून चालतात, कोणी शिकायला आलं तर आधी होडीची गोष्ट सांगते. फक्त त्या गोष्टीत एपॉक्सी आणि काचकापड मी निवडलेलं असतं, आणि पापडासारखं उचकटलेलं ठिगळ तुमचं. हे पत्र टाकायचं असतं, तर एवढं एक वाक्य मी खोडलं असतं.