रिबिनीची गाठ

लिंबायत, सुरत, १९९६

विहीणबाई, रामराम.

तुमची लेक गेली आणि तुम्ही निरोप धाडला, "पुरुषाला पोरी सांभाळता येत नाहीत, माझ्याकडे पाठवा."

पहिल्या दिवशी हेमराजने दोघींच्या रिबिनींना लूमवर तुटला धागा जोडतात तशी गाठ मारली. सुटेचना, शेवटी रिबिनी कापल्या. मी म्हटलं, "मुडद्या, पोरींच्या वेण्या आहेत, साडीचा ताणा नाही!"

आता रात्रपाळीहून आला की आधी वेण्या घालतो, मग झोपतो. शेजारणीसुद्धा आपल्या पोरी त्याच्यापुढे बसवतात. धाकटी तर मला म्हणते, "आजी, तुला पप्पासारखं जमत नाही."

पोरी इथंच राहतील, एवढा निरोप धाडते. हे पत्र टाकत नाही. माझ्या लेकाला तुमची दृष्ट लागायची.

हेमराजची आई