दुसरी कुपी

ता. ४ फेब्रुवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

चौथा फ्रीझर रिकामा करता करता बाबांच्या रक्ताची कुपी हाती आली. काम अर्ध्यावर थांबवून लिहिते आहे. आमची संशोधन संस्था नव्या इमारतीत चालली आहे. एकाने कुपीवरचा आकडा वाचायचा, दुसऱ्याने यादीत खूण करायची. बाबांचा आकडा मीच वाचला. आवाज नेहमीसारखाच निघाला.

नवं यंत्र आलं आहे. बाबांच्या आजाराची जनुकातली खूण पूर्वी वाचता येत नव्हती, आता येते. ते गेले त्या वर्षी आपण दोघांनी दिलेलं रक्तही इथेच आहे. ते तपासायला तुझी सही हवी. सोबतच्या कागदावर दोन चौकटी आहेत: निकाल कळवा, कळवू नका. मी ‘कळवा’वर खूण केली. तू उगाच शूरपणा करू नकोस. सुई पाहून कपाटात लपणारा तूच.

वहिनींना नमस्कार. लोभ आहे तेवढा राहू द्यावा.

धाकटी

ता. ११ फेब्रुवारी

चि. धाकटीस अ. आ.

सही केली आहे. खूण ‘कळवू नका’वर आहे. तुमच्या अभ्यासाला माझं रक्त लागत असेल तर घ्या, मला मध्ये घेऊ नका. शाळेची बस चालवतो. मागे बत्तीस पोरं असतात. बाबांसारखे हात थरथरणार हे कळलं, तर त्याच दिवशी खाली उतरावं लागेल. मला दुसरं काही येत नाही. तुझी वहिनी म्हणते, तुम्ही घरी बसलात तर मीच बस चालवायला जाईन.

या विषयावर फोन करू नकोस. तुझ्या आवाजावरून सगळं कळतं. लिही.

आशीर्वाद आहेतच, वेगळे मागू नयेत.

दादा

ता. ३ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

माझा निकाल आला. मला तो आजार होणार नाही. साहेबांनी अभिनंदन केलं. मी बरं म्हटलं आणि जेवायला गेले.

तुला संस्थेची चिठ्ठी येईल. आणखी एक कुपी रक्त द्यायला बोलावलं आहे. पहिली माझ्याच हातून खराब झाली, बाहेर काढून टेबलावर विसरले. बरीच बोलणी खाल्ली. चिठ्ठीचा मजकूर छापील असतो, तो मनावर घेऊ नकोस. आलास की माझ्याकडेच उतर.

चूक झाली तरी लोभ असू द्यावा.

धाकटी

ता. ९ मार्च

चि. धाकटीस अ. आ.

चिठ्ठी मिळाली. खाली बारीक अक्षरात छापलं आहे, की दोष आढळला तरच खात्रीसाठी दुसरी कुपी घेतली जाते. ‘कळवू नका’ म्हणणाऱ्यांनाही हीच चिठ्ठी जाते, हे तिथे कोणाच्या लक्षात आलं नसेल. तुझ्या आलं. म्हणून तर तू कुपी टेबलावर ‘विसरलीस’. लहानपणीही माझ्या वाटणीचा मार खायला पुढे व्हायचीस, आणि मग दोघांनाही बसायचा.

मला काही वाटत नाही. दुपारी बस धुतली. वहिनीला सांगितलं. तिने गॅस बंद केला, थोड्या वेळाने पुन्हा पेटवला. हात अजून स्थिर आहेत, अक्षर बघतेसच. राग नाही. पुन्हा खोटं लिहू नकोस.

आशीर्वाद नेहमीचेच.

दादा

ता. क. काल पत्र टाकायचं राहिलं. आज सकाळी बस नेली नाही. चावी शाळेच्या ऑफिसात दिली. पोरं दुसऱ्या गाडीने गेली, पाऊण तास उशिरा.